मदत हवी आहे: थंडीत बोट बंद ठेवून भारतात यायचंय

नमस्कार मंडळी. निवृत्तीनंतर आम्ही दोघं इंग्लंडमध्ये कालव्यावर नॅरोबोटीतच (तिथल्या कालव्यांसाठीची लांब, अरुंद बोट) राहतो. जानेवारीत नातवंडांसोबत कोकणात सुट्टी घालवायची आहे. कायमची जागा नसलेल्या बोटींना १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून तेवढ्यापुरती मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर) जागा घेतोय. खरी धास्ती गोठण्याची. पाइपाच्या वाकणात घोटभर पाणी राहून गोठलं तरी जोड फुटतो. टाकी, बंब, शॉवरचा पंप रिकामा करून नळ उघडे ठेवायचे, गॅस बंद करायचा, एवढं ठरलंय. पण तळातलं पाणी उपसणाऱ्या पंपाची बॅटरी तिथल्या हिवाळ्यातल्या उन्हावर, नुसत्या सोलर पॅनेलने टिकेल का, की मरीनाची वीज जोडूनच जावं? डिझेलची टाकी काठोकाठ भरावी ना? हिचा जीव बोटीत अडकलाय, अनुभवी लोकांनी कृपया लवकर सांगा.