रेप्लिकेशनला 'नक्कल' म्हटलं तर चालेल का?

मांडवीकाठ
फोंड्याच्या एका पतसंस्थेचा वार्षिक अहवाल मराठीत करून देतोय, आणि एका वाक्यावर गाडी अडलीय. संस्थेचे दोन सर्व्हर पणजीत जोडीने चालतात. त्यांवर होणारी प्रत्येक नोंद त्याच वेळी गोव्याबाहेरच्या तिसऱ्या सर्व्हरवर उतरत राहते. पणजीतली जागा पुराने किंवा आगीने गेली तर कारभार तिथून चालू. मी लिहिलं, 'वास्तविक-वेळ डेटा प्रतिकृतीकरण'. अध्यक्षांनी ते खोडून 'तात्काळ नक्कल' केलं. सचिवांचं म्हणणं, सभेत 'नक्कल' वाचली की पहिला सभासद उठून विचारणार, मग अस्सल कुठे ठेवलंय? शुक्रवारी छपाईला जातंय. काय ठेवू?

कानामात्रा
'वास्तविक वेळ' लिहिलंत तर बाकीची वेळ काय अवास्तव? 'तत्क्षण' हा चांगला शब्द पडून आहे. शिवाय 'तात्काळ' नव्हे, 'तत्काळ'. आणि डेटा नव्हे, विदा. 'तत्क्षण विदा-प्रतिकृती'. झालं काम.

सांजवेळ
विदा म्हटलं की माझ्या हिंदीभाषक शेजारणीला वाटतं कुणीतरी निरोप घेऊन निघालं. आपत्तीच्या परिच्छेदात तर नकोच तो शब्द.

अंत्रुजी
नकलेला उगाच बदनाम करू नका. अरबी 'नक़्ल'चा मूळ अर्थच एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं. उतरवून घेणं त्यातूनच आलं. म्हणजे या कामाला याहून चपखल शब्द नाही. जमिनीच्या एक-चौदा उताऱ्याची नक्कल आणतो तेव्हा कोणी तिला खोटी म्हणतं का? परीक्षेतल्या पोरांनी आणि नाटकातल्या नकलाकारांनी घात केला शब्दाचा.

कानामात्रा
संस्कृत हाताशी असताना अरबी कशाला? प्रतिकृती हा शब्द पाणिनीत आहे, 'इवे प्रतिकृतौ'.

अंत्रुजी
आहे ना! आणि त्यावरचं उदाहरण कोणतं? अश्वक, घोड्यासारखा दिसणारा पुतळा. तो धावत नाही, कानामात्राबाब. पतसंस्थेला वेळ आल्यावर धावणारा घोडा हवाय.

राखणदार
मी हेच काम करतो म्हणून सांगतो. तुमचं भांडण नामावर चाललंय, खरी गोम विशेषणात आहे. 'त्याच वेळी' नोंद उतरवण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकीत पलीकडून 'लिहिलं' असा निरोप आल्याशिवाय इकडचा व्यवहार पुरा होत नाही. दुसरीत इकडे व्यवहार पुरा करून मोकळे व्हायचं, पलीकडे मागाहून जातं. पहिलीत काही हरवत नाही, पण प्रत्येक व्यवहाराला अंतराची किंमत मोजावी लागते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किमी जातो, म्हणजे 100 किमीवर जाऊन-येऊन 1 मिलिसेकंद. पणजी-मुंबई सरळ रेषेत 400 किमीच्या आसपास, तेव्हा निदान 4 मिलिसेकंद. केबल सरळ जात नाही, म्हणून प्रत्यक्षात जास्तच. एका व्यवहाराला हे काहीच नाही, पण ताळेबंदाच्या रात्री एकामागून एक लाखो नोंदी चालल्या की जाणवतं. बरं, जवळ म्हणून मडगावला ठेवावं तर वादळ दोन्हीकडे एकच.
म्हणून दूरच्या जागेला बहुतेक दुसरी तऱ्हा वापरतात. तिथे घात झाला त्या क्षणी वाटेत असलेल्या शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी जाऊ शकतात. याला 'तत्क्षण' म्हटलंत तर सभासदांना चुकीचं वचन दिलंत. मी 'लगोलग' म्हणेन. त्यात लॅग, म्हणजे थोडं मागे राहणं, आधीपासूनच बसलाय.

सांजवेळ
लगोलग! हे आवडलं. पण मग नक्कल आणि बॅकअप यांत फरक काय? अहवालात दोन्ही असतील ना?

राखणदार
असायलाच हवेत. आमच्या जुन्या ऑफिसात एकाने चाचणीचा समजून खऱ्या सर्व्हरवरचं नोंदींचं कोष्टक उडवलं. पलीकडच्या प्रतीकडे धावला, तर तिथूनही उडालेलं. प्रत चोख होती, मूळ जे करील तेच करणारी. शेवटी आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून उभं केलं आणि दिवसभराच्या पावत्या हाताने चढवल्या. तेव्हा अहवालात दोघांना एकच शब्द वापरू नका, एवढंच मागणं. बॅकअपला 'राखीव प्रत' म्हणा हवं तर.

अंत्रुजी
पणजी गेल्यावर तिसऱ्याने कारभार हाती घेणं, त्याला काय म्हणाल? आमच्याकडे शब्द 1560 पासून तयार आहे. श्री मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला ते 'स्थलांतर'.

राखणदार
नाही हो. तिथे देव स्वतः हलवला. इथे कोणी हलत नाही, आधीच तयार बसलेला सूत्रं घेतो. अडचण वेगळीच आहे. दोन सर्व्हर एकमेकांना सतत 'आहे, आहे' असे ठोके पाठवतात. मधली तार तुटली की दोघांनाही वाटतं दुसरा गेला, आणि दोघेही मालक होऊन लिहायला लागतात. मग खरा हिशोब कुणाचा? म्हणून मत द्यायला तिसरा लागतो आणि बहुमत असेल त्यानेच लिहायचं.

कानामात्रा
म्हणजे गणपूर्ती. बघा, अस्सल मराठी शब्द तयार आहे.

अंत्रुजी
पतसंस्थेच्या सभेत आजवर एकाने तरी 'गणपूर्ती झाली' म्हटलंय? कोरम म्हणतात, कोरम. तोही नसला की अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा सभा.

मांडवीकाठ
मंडळी, सध्याचा मसुदा: 'सर्व नोंदींची नक्कल लगोलग गोव्याबाहेरच्या सर्व्हरवर उतरते, शिवाय रोज रात्री राखीव प्रत घेतली जाते.' अध्यक्षांना हवंय की पुढे 'तौक्ते चक्रीवादळातील अनुभव लक्षात घेऊन' असंही घालावं, तेव्हा शाखेत वीज बराच काळ नव्हती. चालेल?

कानामात्रा
'लगोलग' बोलीतला आहे, अहवालात शोभत नाही. 'अविलंब' करा.

राखणदार
अविलंब म्हणजे विलंब नाही. फिरून तिथेच आलो.

सांजवेळ
आणि तौक्ते नव्हे. मे 2021 मध्ये हवामान खात्याने उच्चार 'तौते' असा दिला होता. नाव म्यानमारने सुचवलेलं, अर्थ एक प्रकारची पाल.

अंत्रुजी
पाल? पालीला म्यानमारमध्ये तौते म्हणतात? आणि आम्ही महिनाभर तौक्ते, ताउक्ते, टौक्टे... गोव्यातल्या पेपरांत काय छापून येत होतं, कुणाकडे कात्रण आहे का?

कानामात्रा
माझ्याकडे आहे. 'तौक्ते'च छापलंय, आणि रूढ झालं की तेच शुद्ध.

अंत्रुजी
हे तुम्ही म्हणताय?!