गटात बसवलं की मुलं विचार करू लागतात का?

खाडीकाठची बाई: मी मालवण तालुक्यात सातवीला शिकवते. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, हे आमच्या पोरांना पाठच आहे. म्हणून प्रश्न दिला: बंदी आणखी महिनाभर वाढवावी का? चौघांचा गट केला. एकाकडे माशांच्या विणीची माहिती, दुसऱ्याकडे ट्रॉलरमालकाचा खर्च, तिसऱ्याकडे खलाशाची मजुरी, चौथीकडे मच्छीवालीची कमाई. कुणा एकाकडे सगळं नाही, त्यामुळे ऐकून घ्यावंच लागतं. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत हीच 'जिगसॉ' पद्धत वापरली होती.

एक मुलगी म्हणाली, "आये बंदीत सुके बांगडे इकता. पण सुकवूचे लागतत मे म्हयन्यात. म्हयनो वाडलो तर पुरतले खंयसून?" पुढचा अर्धा तास गट साठ्याचा हिशेब करत होता. मी फळ्यावर कितीही लिहिलं असतं तरी हा प्रश्न निघाला नसता.

गणितवाला, रत्नागिरी: बाई, तुमचा विषय पोरांच्या घरातला आहे, म्हणून जमलं. माझ्या नववीत गट केला की एक हुशार पोरगा सोडवतो, बाकीचे उतरवून घेतात. रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याने दोरी ओढायला लावून हेच मोजलं होतं (१९१३ साली छापून आलं): माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो. आणि ज्याला टक्केवारीच येत नाही तो विश्लेषण कशाचं करणार?

राजापूर, दोनशिक्षकी शाळा: आमच्याकडे पट इतका कमी, की पहिली ते पाचवी एकत्रच बसतात. गट करायची गरजच नाही. पण पाचवीची मुलगी दिवसभर पहिलीला शिकवत राहते, तिच्या स्वतःच्या अभ्यासाचं काय? हा प्रश्न मला खरंच छळतो.

खाडीकाठची बाई: गणितवाले सर, उतरवून घेतात हे खरं. म्हणून चर्चेनंतर प्रत्येकाने स्वतःचं मत कारणासकट वहीत लिहायचं, आणि गटातर्फे कोण बोलणार ते मी ऐनवेळी ठरवते. पाढे पाठ करायला गट कशाला हवा? विचार करण्याच्या पायऱ्यांची जी मांडणी शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी १९५६ मध्ये केली, तिच्यात २००१ मध्ये सुधारणा झाली, त्यात वरच्या पायऱ्या आहेत विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती. गट तिथे लागतो.

गणितवाला, रत्नागिरी: मग गणितात असा एक प्रश्न देऊन दाखवा.

खाडीकाठची बाई: हापूस वाशीला पेटीने पाठवायचा की कॅनिंगला द्यायचा? एकाकडे पेटीचा दर, एकाकडे वाहतूक आणि दलाली, एकाकडे डागी आंब्याचं प्रमाण, एकाकडे कॅनिंगचा किलोचा भाव. डागी आंबे किती टक्के झाले की पेटीपेक्षा कॅनिंग परवडतं ते शोधा.

गणितवाला, रत्नागिरी: प्रश्न झकास आहे, घेतो. पण दलालीची टक्केवारी आधी मी फळ्यावरच शिकवणार, सगळ्या वर्गाला एकदम. ते गटावर सोडणार नाही.