नव्या असेंबल केलेल्या पीसीवर गेम खेळताना सगळेच हँग होते. एसएमपीएस बदलावा का?

अकोलेकर:

नमस्कार मंडळी,

नुकताच मी गेमिंगसाठी नवा पीसी असेंबल करून घेतला आहे. त्यात रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन स्टिक (खोक्यावर ६००० अशी गती लिहिलेली), १२ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि ७५० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारे युनिट) आहे. विंडोज ११ नव्याने टाकलेले आहे.

ब्राउझर, व्हिडिओ आणि ऑफिसचे काम दिवसभर विनातक्रार चालते. मात्र मोठ्या नकाशाचा एखादा गेम सुरू केला की अर्ध्या-पाऊण तासाने चित्र जागच्या जागी थांबते, आवाजाचा शेवटचा तुकडा घरघरत राहतो आणि पॉवरचे बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. निळा स्क्रीन एकदाही आलेला नाही. गेम चालू असताना प्रोसेसर ७५ अंशांच्या आणि ग्राफिक्स कार्ड ७० अंशांच्या आसपास असते, त्यामुळे तापमानाचा दोष असावा असे वाटत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) दर वेळी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद दिसते आणि तिच्याच आधारे दुकानदार एसएमपीएस बदलायला सांगत आहेत. हा खर्च करण्यापूर्वी आणखी काय तपासावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

कळफलक:

एसएमपीएस इतक्यात बदलू नका. ‘कर्नल-पॉवर ४१’ या नोंदीचा अर्थ एवढाच की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झाले नव्हते. तुम्ही बटण दाबून पीसी बंद केलात, म्हणून पुढच्या वेळी सुरू होताना ती नोंद झाली. नावात ‘पॉवर’ असल्यामुळे अनेकांचा समज होतो की वीजपुरवठ्यात दोष आहे, पण पीसी कशामुळे अडकला याविषयी ती नोंद काहीच सांगत नाही.

पुढच्या वेळी हँग झाल्यावर बटणाकडे हात नेण्याआधी कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबून त्याचा दिवा बदलतो का ते पाहा. दिवा बदलत असेल आणि मागे चाललेले गाणे वाजत असेल, तर विंडोज जिवंत आहे आणि अडचण गेमपुरती किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरपुरती आहे. ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळेत, मूळ सेटिंगनुसार २ सेकंदांत, प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर पुन्हा सुरू करून पाहते. तो सावरला तर बहुधा ‘डिस्प्ले ४१०१’ अशी नोंद मिळते. दिवाही बदलत नसेल आणि आवाज एकाच तुकड्यावर अडकला असेल, तर दोष त्याच्या खालच्या थरात, म्हणजे रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा पीसीआय एक्स्प्रेसच्या (ग्राफिक्स कार्ड व एसएसडी मदरबोर्डला जोडणाऱ्या मार्गाच्या) जोडणीत शोधावा लागतो. तुमचे वर्णन या दुसऱ्या प्रकाराचे आहे आणि माझा पहिला संशय रॅमवर आहे.

खोक्यावर लिहिलेली ६००० ही गती म्हणजे एक्स्पो प्रोफाइल (रॅम वाढीव गतीने चालवणारी तयार सेटिंग) चालू केल्यावर मिळणारी, ओव्हरक्लॉक केलेली, म्हणजे अधिकृत मर्यादेपेक्षा वाढवलेली गती आहे. तुमच्या प्रोसेसरसाठी दोन स्टिक असताना अधिकृत कमाल गती ५२०० आहे. बहुतेक पीसी ६००० वर उत्तम चालतात, परंतु सगळे चालतील याची हमी नाही. तेव्हा बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूलभूत सेटिंगमध्ये) जाऊन एक्स्पो बंद करा, रॅम ४८०० वर आल्याची खात्री करून घ्या आणि तोच गेम तेवढाच वेळ किंवा त्याहून जास्त खेळून पाहा. यात एक पैसाही खर्च होत नाही. त्याच वेळी ड्रायव्हर बदलणे, विंडोज पुन्हा टाकणे असे दुसरे काहीही करू नका, कारण दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कशाचा आला हे कधीच कळत नाही.

कॅबिनेट उघडून रॅम कोणत्या स्लॉटमध्ये आहे तेही पाहावे. चार स्लॉटच्या मदरबोर्डवर दोन स्टिक सहसा प्रोसेसरच्या बाजूने मोजून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये असायला हव्यात. घाईत असेंबल केलेल्या पीसीत त्या पहिल्या व तिसऱ्या स्लॉटमध्ये बसवलेल्या आढळतात. अशा वेळी ४८०० वर सगळे सुरळीत चालते, पण गती वाढवली की चुका होऊ लागतात.

तिसरा टप्पा:

कळफलक यांच्याशी सहमत आहे. एसएमपीएस कमी पडला तर पीसी बहुधा झटकन बंद होतो किंवा स्वतःहून रीस्टार्ट होतो. चित्र गोठून आवाज घरघरत राहणे हे त्याचे नेहमीचे लक्षण नव्हे. तरीही एसएमपीएसकडून ग्राफिक्स कार्डाकडे जाणाऱ्या वायरी एकदा पाहून घ्या. कार्डाला ८ पिनांची दोन कनेक्टर असतील, तर एकाच वायरीची दोन टोके लावण्यापेक्षा दोन स्वतंत्र वायरी लावलेल्या बऱ्या.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘स्टोरएनव्हीएमई’च्या (stornvme) नावाने १२९ क्रमांकाची नोंद आहे का, हेही पाहावे. एसएसडीने उत्तर दिले नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केले, असा तिचा अर्थ असतो. एसएसडीमुळे हँग होताना बहुतेकदा माउस काही काळ हलत राहतो आणि मग क्लिक केलेले काहीच उघडत नाही. शिवाय ‘व्हीआ-लॉगर’ची (WHEA-Logger) एखादी नोंद असेल तर ती येथे अवश्य द्यावी, कारण प्रोसेसर किंवा पीसीआय एक्स्प्रेसच्या हार्डवेअरमधील चूक तिथेच नोंदली जाते.

अकोलेकर:

दोघांचेही मनापासून आभार. कॅप्स लॉकचा दिवा बदलला नाही. १२९ किंवा व्हीआ-लॉगरची एकही नोंद नाही, आणि ग्राफिक्स कार्डाला दोन स्वतंत्र वायरीच आहेत. एक्स्पो बंद केल्यापासून गेम एकदाही हँग झालेला नाही. रविवारी तर दुपारपासून रात्रीपर्यंत खेळून पाहिले. कॅबिनेट उघडल्यावर दोन्ही स्टिक पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये दिसल्या. त्या आता दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवाव्यात आणि एक्स्पो पुन्हा चालू करावा, असा विचार आहे. मात्र सगळे ठीक झाले याची खात्री कशी करावी? एक शंकाही आहे: रॅमच सदोष असेल, तर ब्राउझर आणि ऑफिसचे काम इतके दिवस बिनतक्रार कसे चालले?

कळफलक:

तुमची शंका रास्त आहे. साध्या कामात रॅमवर ताण कमी असतो आणि कॅबिनेट थंड असते. गेम सुरू झाला की ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमच्या दिशेने येते. त्यातच डीडीआर५ मध्ये व्होल्टेज सांभाळणारी चिप प्रत्येक स्टिकवरच असते, त्यामुळे एक्स्पोचे वाढीव व्होल्टेज दिल्यावर स्टिक स्वतःही जास्त तापते. काठावर चालणारी रॅम थंड असताना निभावून नेते आणि तापल्यावर चुकते. तुमच्याकडे अर्ध्या-पाऊण तासाने हँग होत होते, ते या कारणाशी जुळते. अकोल्याचा उन्हाळा ध्यानात घेता ही बाजू दुर्लक्षित करू नका. ‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक स्टिकचे तापमान सहसा वेगळे दिसते. गेम चालू असताना ते पाहत राहा.

स्टिकच्या जागा बदलल्यावर पहिल्यांदा पीसी सुरू कराल तेव्हा स्क्रीन काही मिनिटे काळाच राहील. मदरबोर्ड त्या वेळात रॅमशी जुळवून घेत असतो, म्हणून तेवढा वेळ पॉवर बटणाला हात लावू नका.

त्यानंतर मदरबोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून बायोसची अलीकडची स्थिर आवृत्ती घ्यावी, कारण तुमच्यासारख्या एएम५ सॉकेटच्या मदरबोर्डांवर रॅमची स्थिरता बायोसच्या अपडेटांमधून बरीच सुधारत गेली आहे. अपडेटपूर्वी दोन गोष्टी पक्क्या करा. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, कारण अपडेटनंतर ती मागितली जाऊ शकते. अपडेट चालू असताना वीज गेली तर मदरबोर्ड सुरूच न होण्याची वेळ येऊ शकते, म्हणून पीसी यूपीएसवर असू द्या. अपडेटमुळे बायोसची सेटिंग मूळपदावर येतात, त्यामुळे एक्स्पो पुन्हा चालू करावा लागेल.

खात्रीसाठी ‘मेमटेस्ट८६+’ हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. त्यात एकही चूक खपवून घ्यायची नसते. मात्र ती चाचणी ग्राफिक्स कार्ड तापवत नाही, म्हणून तिच्यात उत्तीर्ण झालेली रॅमही गेममध्ये अडखळू शकते. त्यासाठी नंतर नेहमीचा गेम दोन-तीन संध्याकाळी सलग खेळून पाहणे अधिक भरवशाचे आहे.

तिसरा टप्पा:

एक भर घालतो. रॅम चुकत असतानाच विंडोज आणि गेम डिस्कवर लिहिले गेले आहेत, त्यामुळे काही फाइल बिघडलेल्या असू शकतात. रॅम स्थिर झाल्यावरच, आधी नव्हे, विंडोजचा सिस्टिम फाइल चेकर चालवा आणि गेमच्या लाँचरमधून गेमच्या फाइल तपासून घ्या.

स्लॉट आणि बायोस बदलूनही ६००० वर चुका दिसल्या, तर ५६०० वर चालवून पाहा. गेममध्ये पडणारा फरक बहुधा डोळ्यांना जाणवतही नाही. मात्र ४८०० वरही मेमटेस्टमध्ये चूक निघाली, तर तडजोड करू नका. मग एकेक स्टिक स्वतंत्रपणे तपासून दोष कोणत्या स्टिकमध्ये आहे ते पाहा आणि वॉरंटीत देताना दोन्ही स्टिक बिलासह एकत्रच द्या, म्हणजे बदलून मिळणारी जोडी एकाच किटची असेल.