आठ बाय चार फुटांत बोरघाट: कामाचा क्रम कसा असावा?

घाटवाट: नमस्कार. बोरघाटातील जुन्या रेल्वेमार्गाची एचओ मापातील, म्हणजे १:८७ प्रमाणातील प्रतिकृती मी करतो आहे. प्लायवूडचा सांगाडा तयार आहे. वरचा रूळ खालच्या रुळावरून न्यायला साधारण ८ सेंटिमीटर उंची लागते आणि घाटातला १:३७ चा चढ तसाच ठेवला, तर त्यासाठी जवळपास ३ मीटर लांबी हवी. माझी फळी तर २.४ मीटरच आहे. डोंगर आधी उभारावा की रूळ आधी टाकावेत?

सांधेवाला: रूळ आधी, तेही खडीशिवाय. चढाचे उत्तर घाटातच आहे. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावर खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होते. गाडी तिथे थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि उरलेला चढ गाडी उलट दिशेने चढे. दीड-दीड मीटरचे दोन चढ शेजारीशेजारी ठेवून त्यांच्या टोकाला ७० सेंटिमीटरचे सपाट स्थानक दिल्यास, मधला सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारा फाटा, धरूनही सगळे जेमतेम बसते. इंजिन डब्यांना वळसा घालून दुसऱ्या टोकाला न्यायला शेजारचा जोडरूळ मावला नाही, तर मागच्या बाजूला दुसरे इंजिन जोडावे. हा मार्ग १९२९ साली सोडून दिला गेला, त्यामुळे छोटे चारचाकी डबेच शोभतील. आजचा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरी) धाटणीचा लांब प्रवासी डबा या मापात सुमारे २४ सेंटिमीटरचा होतो आणि तुमच्या वळणांवर अडखळेल.

तारजोड: रुळांचे तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या जोडपट्ट्यांवर विजेसाठी विसंबू नका. पावसाळ्यात त्या काळवंडतात आणि गाडी नेमकी चढावर थांबते. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार सोल्डर करा. रिव्हर्सिंग स्टेशनमध्ये रूळ वळून स्वतःलाच मिळत नसल्याने शॉर्टसर्किटची भीती नाही, एवढे काम सोपे. सगळे झाल्यावर महिनाभर उघड्या रुळांवर गाड्या चालवा, डबे मागे ढकलतही न्या, कारण रुळांतील दोष तेव्हाच उघडे पडतात. एकदा खडी डिंकाने चिकटली की सांधा उचलणे फार जिवावर येते; मी तो त्रास भोगला आहे.

घाटवाट: आभारी आहे. डोंगराचे प्लास्टर दिवाळीनंतर करतो. तोपर्यंत स्थानकाची पातळी पाणसळीने तपासून घेतो. सोडलेले डबे तिथून उतारावर घरंगळू नयेत, हे आता पहिले काम.