पूर ओसरल्यावरची परसबाग : काय केलंत, काय टाळलंत?

पुरानंतर सगळं लक्ष भिंती, गाद्या आणि धान्याकडे जातं. परसाकडे वळायला आठवडा उलटतो. मग घाईघाईने वाफे उकरले जातात, चुना-पावडर टाकली जाते आणि पाण्यातून वाचलेली झाडंही जातात. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगाकाठी आणि २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पूर आला. त्यानंतर ज्यांनी बाग पुन्हा उभी केली, त्यांनी इथे लिहावं. मापं, दिवस, प्रमाणं आणि चुका लिहा. घरची हकीकत नसली तरी चालेल.

सांगली, काळी जमीन

वाफ्यात पाय ठेवू नका, ही पहिली गोष्ट. झाड मरतं ते मुळांना हवा न मिळाल्यामुळे. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात, आणि ओल्या काळ्या मातीवर माणसाचं वजन पडलं की त्या दबून बसतात. मग पाणी उतरलं तरी हवा आत जात नाही. वरून सुकलेली दिसणारी ही माती चार बोटं खाली लोण्यासारखी असते.

वाफसा, म्हणजे माती काम करण्याजोगी कोरडी होणं, आला का ते असं बघा. सहा इंच खोलीवरची मूठभर माती घ्या, तिचा लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर कुदळ चालवा. चपटा होऊन बसला तर थांबा. पाऊस थांबलेला असला तरी काळ्या जमिनीत याला दहा-पंधरा दिवस सहज लागतात. तोवर काम बाहेरून करायचं. उताराच्या बाजूला, वाफ्यापासून फूटभर अंतर सोडून, दीड फूट खोल चर काढा आणि साचलेलं पाणी त्यात उतरवा. आत जावंच लागलं तर फळी टाकून तिच्यावरूनच जा.

झाड ठेवायचं की उपटायचं हे पानांवरून ठरवू नका. बाजूने खुरप्याने माती सारून एक मूळ बघा. पांढरं आणि टणक असेल तर आशा आहे. तपकिरी असेल, ओढल्यावर साल हातात येऊन आतला दोरा तेवढा राहत असेल, तर ते मूळ मेलेलं आहे. पपई सगळ्यांत आधी जाते. बुंधा एक-दोन दिवस पाण्यात राहिला तरी पुरतं. पानं हिरवी असली तरी बुडखा दाबून बघा, मऊ लागला तर काढून टाका. मिरची आणि टोमॅटोही नाजूक. वांगं बऱ्यापैकी तग धरतं, अळवाला काही होत नाही. हळद वरून हिरवीगार दिसते आणि खाली कंद कुजत असतो, म्हणून एक गड्डा उपटून बघाच.

पानं पिवळी पडली की लोक मुठीने युरिया टाकतात. पिवळेपणा नत्र वाहून गेल्यामुळे असतो हे खरं, पण मुळं घेण्याच्या स्थितीत नसताना जमिनीतून दिलेलं खत वाया जातं आणि उरलेली मुळंही भाजतात. नवी पालवी दिसेपर्यंत थांबा. मग १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला ५ ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, आठ दिवसांनी पुन्हा एकदा.

कोल्हापूर, पंचगंगेकाठचं परडं

वाफशाबद्दल वर लिहिलंय ते पटतं, पण गाळ वाफशाची वाट बघत नाही. पातळ गाळ, म्हणजे इंच-दीड इंच, राहू द्या. सुकून भेगा पडल्या की पापुद्रा फोडून खालच्या मातीत मिसळा. तो चांगला असतो. तीन-चार इंचांच्या वर असेल तर मात्र काढावाच लागतो, नाहीतर खालची माती झाकणाखाली कोंडते. १०० चौरस फुटांवर ४ इंच गाळ म्हणजे ३३ घनफूट, ओला असताना दीड टनाच्या आसपास. एकट्याचं हे काम नव्हे. चिखल असताना उचलू नका, पार सुकून दगड होईपर्यंतही थांबू नका. फावड्याने वडीसारखा निघतो तो दिवस पकडा. झाडांच्या बुंध्याभोवतीचा गाळ तेवढा पहिल्याच दिवशी हाताने काढा.

पुराच्या पाण्यात गटार, शौचालयाच्या टाक्या, मेलेली जनावरं, डिझेल असं सगळं असतं. पालेभाजी, कोथिंबीर, काकडी, मुळा, जे जे पाण्याखाली गेलं ते टाकून द्या. धुऊन, शिजवून चालेल असं म्हणू नका. पुढच्या लागवडीसाठी ताज्या शेणखताला लावतात तोच हिशेब धरावा. जमिनीला टेकणारी भाजी असेल तर पूर ओसरल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जायला हवेत, मांडवावरच्या वेलीच्या भाजीला ९०.

वाफ्यांवर ब्लीचिंग पावडर मारणं हा मोठा घात आहे. तिने मुळं जळतात आणि मातीतले उपयोगी जिवाणूही मरतात. ती पायऱ्यांवर, मोरीत वापरा. वाफ्यातली घाण मारायला ऊन आणि वेळ पुरे. चुनाही नको. आमच्या काळ्या जमिनीत चुनखडी मुळातच जास्त असते. आणखी चुना घातला की झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं शिरा हिरव्या ठेवून पांढुरकी पडतात.

चिपळूण

जांभ्याच्या मातीतून पाणी लवकर उतरतं, पण वर बसलेला नदीचा गाळ चिकट असतो. माड-पोफळीचं आळं त्याने बुजतं. माडाच्या बुंध्यापासून सहा फुटांपर्यंतचा गाळ ओढून आळं मोकळं करा. लहान माडांचे शेंडे पाण्यात बुडाले असतील तर सुईसारखा मधला कोंब हलकेच ओढून बघा. हातात आला तर कोंबकूज लागली आहे. कुजका भाग कापून तिथे बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचं घट्ट बुरशीनाशक, लावा. पोफळीवर कोळेरोगासाठी (सुपारीची फळं कुजवणारा रोग) १ टक्का बोर्डोची फवारणी करा, तीही पावसाची उघडीप बघून.

बोर्डो बिघडतं ते बनवण्यातच. १० लिटरला १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो. तीन प्लॅस्टिकच्या बादल्या घ्या, लोखंडी भांडं नको. एकीत ५ लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा. दुसरीत चुना थोड्या पाण्यात विझवून, थंड झाल्यावर गाळून ५ लिटर करा. मग दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओता आणि ढवळत राहा. रंग आकाशी निळा यायला हवा. घासून स्वच्छ केलेला खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी थोडी थोडी वाढवा. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते निकामी होतं. पेस्टसाठी तेवढ्याच मोरचूद-चुन्याला पाणी १ लिटर.

मिरवेलीला मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराइड हे तांब्याचं बुरशीनाशक, लिटरला ३ ग्रॅम. ते दिलं असेल तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) लगेच देऊ नका. तीही बुरशीच आहे, तांब्याने मरते. पंधरा दिवस जाऊ द्या.

काम करताना गमबूट आणि रबरी हातमोजे हवेतच. पायाला भेग किंवा जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) धोका खरा आहे. पुरानंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘चिखलात काम केलंय’ हे आधी सांगा. वाहून आलेल्या पालापाचोळ्याच्या ढिगात हात घालण्याआधी लांब काठीने तो उलटा करा. घोणस आणि मण्यार अशाच जागी येऊन बसतात.

वूस्टर, इंग्लंड, सेव्हर्न नदीकाठ

इथे अलॉटमेंट म्हणजे भाड्याने मिळणारा भाजीचा तुकडा. जुनं माप १० रॉड, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, अडीच गुंठ्यांच्या जवळपास. नदीकाठची सखल जमीन घरांसाठी नको म्हणून पुष्कळदा असे तुकडे तिथेच असतात. पूर बहुधा हिवाळ्यात येतो आणि त्यामुळे गणित बदलतं. थंड पाण्यात मुळांचा श्वास मंदावलेला असतो. पानगळ होऊन झोपलेलं सफरचंद किंवा करंट या छोट्या फळाचं झुडूप बरेच दिवस पाण्यात राहूनही वाचतं. तेच पाणी जूनमध्ये आलं तर काही दिवसांत मारतं. लसूण आणि शरदात पेरलेला बाकला (ब्रॉड बीन) मात्र हिवाळ्यातही कुजतो.

आमची खरी डोकेदुखी कोबीवर्गाचा गाठीमूळ रोग. त्याचे बीजाणू शेजारच्या तुकड्यातून पाण्याबरोबर येतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पुरानंतर कोबी, फ्लॉवर, मुळा त्या जागेत लावू नये. लावायचेच असतील तर सामू (पीएच) ७ च्या थोडा वर जाईपर्यंत चुना द्यावा लागतो. कोल्हापूरकर म्हणतात त्याच्या हे अगदी उलट, पण इथली माती आम्लधर्मी असते. चुन्याआधी सामू मोजा, एवढंच दोन्हीकडे सारखं. आणखी एक, मातीला रॉकेलसारखा वास आला किंवा डबक्यावर इंद्रधनुषी तवंग दिसला तर खणू नका. हीटिंगच्या टाक्यांतलं तेल वाहून येतं. ती जागा खुणेने वेगळी ठेवा आणि अलॉटमेंटच्या समितीला कळवा.

मिरज, विहीर आणि मोटर

बुडालेली मोटर ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करू नका. तेवढ्यात वाइंडिंग जळतं. उघडून स्वच्छ पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणारं यंत्र) तपासून घ्या. १ मेगाओहमच्या खाली दाखवत असेल तर आणखी वाळवायची. कपॅसिटर बदला, बेअरिंगमध्ये नवं ग्रीस भरा. पाणबुडी मोटरचा स्टार्टर बुडाला असेल तर त्यालाही हेच.

पूर शिरलेली विहीर आधी उपसा. नवं पाणी भरलं की त्याचं माप काढा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली, दोन्ही मीटरमध्ये, गुणिले ७८५, म्हणजे लिटर मिळतात. २ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर. चांगली, ताजी ब्लीचिंग पावडर १,००० लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे सुमारे २४ ग्रॅम. बादलीत कालवून साका बसू द्या, फक्त वरची निवळी विहिरीत सोडा. तासाभरानंतर क्लोरीन तपासा. पाणी गढूळ असेल तर एवढी मात्रा पुरत नाही, आधी ते निवळायला हवं.

ठिबक असेल तर गाळणी काढून धुवा, नळ्यांची शेवटची टोकं उघडा आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडा. गाळ तोट्यांत वाळला की नळी बदलण्यावाचून इलाज राहत नाही.

शिरोळ

रिकामी झालेली जागा उघडी ठेवू नका. धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरा, गुंठ्याला अर्धा किलो. पाणथळ जमिनीतही तो उगवतो आणि त्याची मुळं दबलेली माती फोडतात. ४५ दिवसांनी, फुलं यायच्या आत, तोडून गाडा. उशीर झाला की खोड चिवट होतं आणि कुजायला महिने घेतं. नंतरचे वाफे गादीवाफे करा, फूटभर उंच.

आणि हे पुढच्या वेळेसाठी. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट आणि सांगलीत आयर्विन पुलावर ४० फूट ही इशारा पातळी. तो आकडा ऐकला की खतं, कीटकनाशकं आणि बियाणं माळ्यावर टाका, गांडूळखताच्या बेडमधली दोन घमेली गांडुळं खतासकट वर न्या, मोटरचा स्टार्टर उतरवून ठेवा आणि तयार भाजी काढून घ्या. धोका पातळी कोल्हापुरात ४३ आणि सांगलीत ४५ फूट आहे, पण तेव्हा बागेत जायला वेळ नसतो.