मदत हवी आहे: नैसर्गिक कडेच्या उरलेल्या तुकड्यांची आरशाची फ्रेम, वळणाची कड आत ठेवून कोपरे कसे जुळवायचे?

— धागाकर्ता (प्रश्न विचारणारा)

नमस्कार मंडळी,

मोठ्या फळ्या कापून उरलेले तुकडे माझ्याकडे बरेच जमलेत. एक कड करवतीने सरळ कापलेली आणि दुसरी कड झाड होतं तशीच, आतबाहेर वळणं घेत गेलेली, काहींवर साल अजून चिकटून आहे. हे तुकडे जळणात जाऊ नयेत असं मनापासून वाटतंय, म्हणून त्यांच्या आरशाच्या फ्रेम करायचं ठरवलंय. पहिली फ्रेम साधारण 45 बाय 60 सेंटीमीटरच्या आरशासाठी, भिंतीवर टांगायची. जाडी बहुतेकांची 28-30 मिलिमीटर आहे, रुंदी मात्र एकाच तुकड्यात कुठे 7 सेंमी तर कुठे 11.

नेटवर ज्या रस्टिक फ्रेम दिसतात त्यात बहुतेक ठिकाणी वळणाची कड बाहेर असते आणि आतली कड सरळ. ते सोपंय हे कळतं, आतला चौकोन नीट मिळतो, काचेसाठी खाच मारता येते. पण मला उलटं हवंय. तुकडे जमिनीवर मांडून, वळणं आत करून, मधे एक जुना आरसा ठेवून बघितला आणि तळ्याचा काठ दिसावा तसं दिसलं, तेव्हापासून दुसरं काही डोळ्यांना पटतच नाहीये. कड बाहेर असली की ती भिंतीवर हरवते, आत असली की आरशात बघणाऱ्याच्या थेट समोर येते. त्यामुळे प्लीज "कड बाहेर घ्या" हा सल्ला नको, तेवढं सोडून काहीही सांगा.

अडकलंय ते कोपऱ्यांवर. आडवा तुकडा टोकाशी 8 सेंमी, उभा तुकडा टोकाशी 10.5 सेंमी, मग 45 अंशात कापले तर आतल्या कडा एकमेकींना भेटतच नाहीत, एक पुढे येते एक मागे राहते. बरं नुसती रुंदी वेगळी असती तरी चाललं असतं, पण कडेला उतारही आहे, म्हणजे सालीकडचं तोंड अरुंद आणि गाभ्याकडचं तोंड रुंद, आणि हा उतार प्रत्येक तुकड्यात वेगळा. नुसतं टोकाला टोक लावून मागून पट्टी मारणं शक्य आहे, पण ते खोक्याच्या लाकडासारखं दिसेल आणि किती टिकेल कोण जाणे.

दुसरं म्हणजे काच बसवायची खाच. आतली कड वेडीवाकडी असल्यावर राऊटरचं (खाच कोरायच्या यंत्राचं) बेअरिंगवालं, म्हणजे कडेला टेकून चालणारं पातं त्या कडेवरून फिरवलं तर खाचही वेडीवाकडीच होणार, आणि आरसा तर सरळ चौकोनी येणार. मागून सरळ पट्टी लावून खाच मारली तर वळण जिथे खूप आत गेलंय तिथे लाकूडच उरणार नाही.

शिवाय साल ठेवावी की काढावी? आणि लाकूड पुरेसं वाळलंय हे ओल मोजायचा मीटर नसताना कसं ओळखायचं? तुकडे बरेच महिने सावलीत रचून ठेवलेत पण आतून काय परिस्थिती आहे कळत नाही. हत्यारं म्हणाल तर हाताचा रंधा, पटाश्या, जिगसॉ, ड्रिल आणि एक छोटा राऊटर आहे. घाई अजिबात नाही, हातानं करायची तयारी आहे.

— रंधापटाशी

कड आत घ्यायची कल्पना फार आवडली. अवघड आहे पण होण्यासारखी आहे.

आधी कोपऱ्याचं. 45 अंश हा आकडा डोक्यातून काढून टाका, तो दोन्ही पट्ट्यांची रुंदी सारखी असेल तेव्हाचा. रुंदी वेगळी असली तर दोन्ही तुकडे एकमेकांवर काटकोनात ठेवायचे, बाहेरचा कोपरा आणि आतल्या दोन वळणांचा छेद हे दोन बिंदू जोडायचे आणि त्या रेषेवर दोन्ही कापायचे, कडा बरोब्बर भेटतात. पण तरी मी तुम्हाला हा सांधा सुचवणार नाही. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच, त्यामुळे तिरक्या कापाचा सांधा आकसला की नेमका आतल्या बाजूला उघडतो. तुमचं सगळं सौंदर्य आतल्या बाजूला आहे, फट तिथेच दिसणार.

त्याऐवजी हाफ लॅप करा, म्हणजे दोन्ही तुकडे कोपऱ्यात अर्ध्या जाडीचे करून एकावर एक. आडवा तुकडा पुढून पूर्ण टोकापर्यंत जाऊ दे, उभा त्याच्या मागे जाईल. आडवा उभ्यावर जसा बसणार आहे तसा ठेवा, क्लॅम्प लावा आणि त्याच्या वळणाची रेघ उभ्या तुकड्यावर धारदार सुरीने ओढा, पेन्सिलने नको, पेन्सिलची रेघ जाड असते. मग उभ्या तुकड्याची टोकापासून त्या रेघेपर्यंतची अर्धी जाडी पुढून काढायची आणि आडव्याची तेवढ्याच भागातली अर्धी जाडी मागून. राऊटरने रेघेच्या दोन मिलिमीटर अलीकडे थांबा, उरलेलं पटाशीने खाली दाबत दाबत रेघेपर्यंत या. वळण असल्यामुळे अरुंद पटाशी घ्या, रुंद पटाशी वळणाचे तुकडे तुकडे पाडते.

उताराची गोष्ट खरी आहे आणि लोक तिथेच फसतात. आडव्या तुकड्याची कड उतरती राहिली तर सांध्यावर इंग्रजी व्ही सारखी खोबण दिसते. म्हणून जेवढा भाग उभ्या तुकड्यावर बसणार आहे तेवढ्यापुरता तो उतार पटाशीने उभा छाटायचा, वरून दिसणारं वळण मात्र तसंच ठेवायचं. आतल्या कोपऱ्यात जिथे उभी छाटलेली कड संपते आणि मूळ उतार सुरू होतो तिथे एक बारीक पायरी राहते, ती गोल कानशीने हळूहळू उतरवायची, एकदा तेल लागलं की शोधून सापडत नाही. फेविकॉल लावून क्लॅम्प करा आणि मागून प्रत्येक कोपऱ्याला दोन छोटे स्क्रू, 20 मिलिमीटरचे पुरतात, त्यापेक्षा लांब घेतले तर टोक पुढून बाहेर येण्याची भीती.

हे सगळं करायच्या आधी तुकडे पिळलेले नाहीत ना ते बघा. दोन सरळ पट्ट्या तुकड्याच्या दोन टोकांना आडव्या ठेवा आणि डोळा खाली नेऊन एकीच्या वरून दुसरीकडे बघा. दोन्ही समांतर दिसल्या नाहीत तर तिथे पीळ आहे, तो आधी रंध्याने काढा. पिळलेल्या तुकड्यावर सांधा कितीही सुबक केला तरी फ्रेम भिंतीवर एका कोपऱ्याने उचललेलीच राहणार.

— काचकाम

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, मी फक्त काचेचं सांगतो.

खाच मारूच नका. फ्रेम पूर्ण जाडीची ठेवा आणि मागे प्रत्येक बाजूला सरळ लाकडी पट्टी लावा, 10 मिलिमीटर जाड. त्या चार पट्ट्यांच्या आत आरसा बसतो. पट्ट्या तुकड्याच्या लांबीतच जातात म्हणजे दोन्हीचे रेषे एकाच दिशेला, आकसण्याची ओढाताण होत नाही. 4 मिलिमीटरचा आरसा, मागे 3 मिलिमीटरचा प्लाय, मधे थोडा फेल्ट, सगळं त्या 10 मध्ये मावतं. पट्टी कुठे लावायची ते ठरवताना वळण सगळ्यात जास्त आत गेलंय ती जागा शोधा, तिथेसुद्धा काचेवर निदान 10 मिलिमीटर लाकूड आलं पाहिजे. मग काही ठिकाणी 40 मिलिमीटर येईल, येऊ दे, तेवढा आरसा लाकडाच्या मागे लपला तरी हरकत नाही. आणि हो, 45 बाय 60 हे माप आत्ता विसरा. आधी फ्रेम पूर्ण करा, पट्ट्या लावा, आतल्या जागेचा पुठ्ठा कापून बघा, सगळ्या बाजूंनी 3 मिलिमीटर मोकळा राहिला की त्या पुठ्ठ्याच्या मापाने काच कापून घ्या. लाकूड हलतं, काच हलत नाही, ती जागा सोडली नाही तर एक दिवस काच तडकते.

आता जे कोणी सांगत नाही ते. आरशातलं प्रतिबिंब काचेच्या मागच्या थरातून येतं, पुढच्या पृष्ठभागावरून नाही. 4 मिलिमीटर काच असली की लाकडाची कड आणि तिचं प्रतिबिंब यांच्यात साधारण 5 मिलिमीटरची जागा दिसते, आणि बाजूने बघितलं की फ्रेमची मागची बाजू त्या फटीतून सरळ दिसते. पेन्सिलच्या खुणा, गोंदाचे ओघळ, पांढरं कोरं लाकूड, सगळं. म्हणून काचेवर येणारा मागचा भाग पुढच्याइतकाच नीट घासून गडद रंगवा. कड उतरती आहे तेव्हा अरुंद तोंड, म्हणजे सालीकडचं, पुढे ठेवा. उतार काचेकडे येतो, काचेपाशी लाकूड पातळ होऊन संपतं, फार देखणं दिसतं. रुंद तोंड पुढे ठेवलंत तर सगळी नैसर्गिक कड मागे लपेल आणि फक्त प्रतिबिंबात दिसेल.

काच चिकटवू नका, मागून प्लायवर लाकडी फिरत्या कुड्या लावून धरा, उद्या काच बदलायची वेळ आली तर सुटली पाहिजे. कुठे सिलिकॉन लावावंच लागलं तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन आरशाच्या मागच्या थराला खातं आणि कडेने काळे डाग पडत जातात, ज्याला आपण पारा उडाला म्हणतो. काचेच्या खालच्या कडेला टोकांपासून पाव-पाव अंतरावर रबराचे दोन छोटे तुकडे ठेवा, काचेचं वजन त्या दोघांवर यावं.

— वाळवण

मीटर नसला तर वजनकाटा पुरतो. प्रत्येक तुकड्यावर नंबर टाका, वजन करून मागेच लिहून ठेवा, जिथे फ्रेम टांगायची त्याच खोलीत तुकडे मधे काड्या ठेवून रचा आणि दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ तीन-चार आठवडे वजन हललं नाही म्हणजे लाकूड त्या खोलीच्या हवेशी जुळलं. आकडाच हवा असेल तर एक तुकडा मधून कापा, टोकाकडचा नको कारण टोक आधी वाळतं, त्याचं वजन करा, ओव्हनमध्ये 103 अंशांवर वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत ठेवा आणि परत वजन करा. समजा 112 ग्रॅमचा 100 ग्रॅम झाला तर ओल 12 टक्के. घरातल्या लाकडासाठी 8 ते 12 चांगलं. 20 टक्क्यांवर फ्रेम केलीत आणि ती नंतर 10 वर आली तर 10 सेंमी रुंदीची पट्टी अडीच-तीन मिलिमीटर आकसू शकते, जात कोणती आणि फळी कशी चिरलीय त्याप्रमाणे कमीजास्त.

साल काढा असंच मी म्हणेन, आवडत असली तरी. साल टिकणार की सुटणार हे बरंचसं झाड कधी तोडलं त्यावर असतं. वाढीच्या दिवसांत साल आणि लाकूड यांच्यामधला थर कोवळा असतो, तेव्हाची साल हमखास सुटते, झाड सुप्त असताना तोडलेलं असेल तर धरून राहते. तुमचे तुकडे उरलेले आहेत, कधीचे कोणाला माहीत? आणि किड्यांना सालीखालची जागा आवडते. बोथट पटाशी किंवा लाकडी पाचर घालून सोलली की खाली गुळगुळीत, बारीक रेषांची नैसर्गिक कड मिळते, ती नायलॉनच्या ब्रशने साफ करा, लोखंडी ब्रशने ओरखडे पडतात. त्या कडेला पॉलिश पेपर अगदी हलका, 240 नंबरचा पुरे.

कडेचं पांढरट लाकूड किड्यांना सगळ्यात गोड. बारीक भोकं आणि खाली पिठासारखी भुकटी दिसली तर तो तुकडा बाकीच्यांपासून वेगळा काढा. पॅकिंगचं लाकूड परदेशी पाठवताना गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअस, सलग 30 मिनिटं तापवतात, तेच तत्त्व ओव्हनमध्ये मावणाऱ्या तुकड्याला लागू पडतं, फक्त आतपर्यंत ते तापमान पोचायला वेळ द्या. शिवाय पॉलिशच्या आधी कोऱ्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी लावून वाळू द्या, पॉलिशनंतर लावून उपयोग नाही, आत शिरत नाही.

— धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार, एवढं बारकाईने कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. उतार फक्त सांध्यापुरता उभा छाटायचा, ही गोष्ट वाचली आणि सगळं चित्र डोळ्यासमोर आलं. तुकड्यांवर नंबर टाकून वजनं लिहायला घेतलीत. सालीकडचं तोंड पुढे ठेवून मांडणी पुन्हा करून बघितली, फरक खरंच मोठा आहे.

अजून एक विचारतो. टांगायला मागे दोन कड्या आणि तार चालेल का? आणि तेल लावायचंय, जवसाचं डबल बॉइल्ड आहे माझ्याकडे.

— रंधापटाशी

तार नको. तुमच्या मापाचा आरसाच पावणेतीन किलो होतो, 4 मिलिमीटर काच एका चौरस मीटरला 10 किलो भरते त्या हिशोबाने, आणि लाकूड धरून सगळं सात-आठ किलोवर जाईल. तार जितकी सपाट तितका ताण जास्त, आडव्या रेषेपासून 30 अंशांत असेल तर तारेच्या प्रत्येक बाजूवर पूर्ण वजनाएवढा ताण येतो आणि कड्या लाकडातून आतल्या बाजूला ओढल्या जातात. त्यापेक्षा एक पट्टी लांबीत 45 अंशाने चिरा, एक अर्धी फ्रेमच्या वरच्या पट्टीला मागून, दुसरी भिंतीवर लेव्हल लावून, धारा एकमेकींत अडकतील अशा. मागच्या 10 मिलिमीटरच्या पट्ट्यांमुळे फ्रेम आधीच भिंतीपासून सुटलेली असेल, त्यात ही लपून जाते. खाली तेवढ्याच जाडीचे दोन ठोकळे लावा म्हणजे आरसा पुढे झुकणार नाही. आणि काचेखालची पट्टी नुसत्या गोंदावर ठेवू नका, तिला स्क्रू पाहिजेतच, काचेचं सगळं वजन तीच पेलते.

तेल चांगलंय. पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं जास्तीचं पुसून घ्या, एक दिवस वाळू द्या, असे तीन हात. आरसा बसवायच्या आधी मागूनपुढून सगळीकडे लावा, एकाच बाजूला लावलं तर दुसरी बाजू ओल जास्त घेते आणि पट्टी वाकते. पुसलेल्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. एकेक चिंधी उघड्यावर पसरून कडक वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा आणि मगच फेका.