‘मी लायक नाही’: लायक, लायकी, पात्र, मोल हे शब्द आपण ख्रिस्ती बाया कसे वापरतो?

जालन्याची_सिस्टर

जय ख्रिस्त आणि सगळ्यांना नमस्कार. लई दिवस झाले इथं नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच स्वतःहून लिहितेय. प्रश्न शब्दाचाच आहे पण थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नर्स आहे, अकरा वर्षं झाली. मागच्या महिन्यात आमच्याकडं वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरसाठी इंटरव्ह्यू झाले. समोर तिघं बसलेले. ड्युट्या कशा लावता, स्टाफ कमी असला की रात्र कशी काढता, इन्फेक्शनचं काय करता, सगळं विचारलं आणि सगळं नीट सांगितलं. शेवटी एकानं सहज विचारलं, “सिस्टर, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, या पोस्टला तुम्ही लायक आहात का?” आणि माझ्या तोंडून निघालं, “मी लायक तर नाही सर, पण प्रभूनं संधी दिली तर...” पुढचं बोलायच्या आतच त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. पोस्ट माझ्या मागून चार वर्षांनी आलेल्या मुलीला मिळाली. मुलगी चांगली आहे, तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही.

पण घरी आल्यावर भाकरी थापता थापता डोक्यात तेच, की हे वाक्य आलं कुठून. ते माझं नव्हतंच. ते प्रार्थनेतलं वाक्य आहे. आमच्या मंडळीत प्रार्थनेला उभं राहिलं की “दयाळू बापा, आम्ही लायक नसताना तू आम्हाला आजचा दिवस दाखवलास” अशीच सुरुवात होते, संडे स्कूलपासून जिभेवर बसलंय. आणि हाच शब्द दुसरीकडून पण यायचा. आमची आजी मोलानं निंदाय-खुरपायला जायची, तिला बांधावरून ऐकवायचे, “लायकीत ऱ्हा.” जातीवरून, बाई म्हणून, आणि पुढं ख्रिस्ती झाली म्हणून पण. म्हणजे शेतात पण लायक नाही आणि चर्चमध्ये पण लायक नाही, शब्द एकच. दोन्हीकडं अर्थ पण एकच आहे का हो? मला वाटतं नाहीये, पण नीट सांगता येत नाही, म्हणून इथं विचारायलेय.

परभणीकर_मास्तर

ताई, पहिल्यांदा सांगतो, मी ख्रिस्ती नाही, त्यामुळं शास्त्रातलं तुम्ही सांगा, मी फक्त शब्दापुरतं बोलतो.

लायक मूळ अरबी. शोभणारा, जुळणारा, साजेसा असा अर्थ. आपल्याकडं निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत, दप्तर उर्दूत, शाळा उर्दूत, त्यामुळं असले शब्द मराठवाड्यात घराघरात मुरलेले आहेत. आता यातली गंमत नाही म्हणत, महत्त्वाची गोष्ट म्हणतो: लायक हा शब्द एकटा उभाच राहत नाही. कशाला लायक? खायला लायक, पोस्टला लायक, राहायला लायक. दोन गोष्टींचं जुळतं की नाही एवढंच तो सांगतो. त्याला ई लावून ‘लायकी’ केलं की ती माणसाच्या अंगाला चिकटलेली वस्तू होते, आणि ‘कशाला’ हा प्रश्न गळून पडतो. बांधावरून जो “लायकीत ऱ्हा” म्हणतो त्याला विचारा ना, कशाच्या लायकीत? त्याच्याकडं उत्तर नसतं. सबंध माणसावर निकाल देऊन मोकळा झालेला असतो तो.

तुमच्या प्रार्थनेत ‘कशाला’ आहे की नाही ते तुम्ही बघा.

लातूरची_सून

मास्तर, आहे ना! कृपेला. “आम्ही लायक नसताना” म्हणजे तुझ्या कृपेला लायक नसताना. आणि कृपेला तर कुणीच लायक नसतं, ना पाळक, ना बिशप, ना राजा. कमवून मिळाली तर ती कृपा कसली, ती मजुरी झाली. म्हणजे ते वाक्य सगळ्यांना एका ओळीत बसवतं, आणि ‘लायकीत राहा’ माणसांना वर-खाली बसवतं. पार उलटी वाक्यं झाली की ही.

सिस्टर, तुमचं वाचून मला मत्तयाच्या शुभवर्तमानातला शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा रोमी अधिकारी, आठवला, आठवा अध्याय. तो येशूला म्हणतो, तुम्ही माझ्या छपराखाली यावं एवढी माझी योग्यता नाही. आपण इथंच थांबतो आणि किती नम्र म्हणून प्रवचन ऐकतो. पण पुढच्याच वचनात तोच माणूस म्हणतो की माझ्या हाताखाली शिपाई आहेत, एकाला जा म्हटलं की जातो, दुसऱ्याला ये म्हटलं की येतो. स्वतःची पोस्ट त्याला पक्की माहीत होती, ती सांगताना जरा पण अडखळला नाही. आणि येशूनं त्याला गर्विष्ठ म्हटलं नाही, असा विश्वास इस्राएलात पाहिला नाही म्हणाला. छपराखाली यायचं ते एक, आणि शंभर शिपाई सांभाळायचं ते एक. तुमच्या इंटरव्ह्यूत तुम्ही पहिल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्याला दिलंत बघा. रागवू नका हं.

जालन्याची_सिस्टर

रागवायचं काय ताई, रडू आलं. बरोबर तेच झालंय.

आता ‘पात्र’ बद्दल पण सांगा कुणीतरी. आमचे काही जण लायक ऐवजी “आम्ही अपात्र असताना” म्हणतात, जरा शुद्ध वाटतं म्हणून.

परभणीकर_मास्तर

पात्र संस्कृत, ‘पा’ म्हणजे पिणे त्यावरून, ज्यातून प्यायचं ते भांडं. मग ज्यात काही ठेवता येईल असं ते पात्र, तिथून योग्य माणूस, सत्पात्री दान वगैरे. नाटकातलं पात्र पण तेच. आणि नदीचं पात्र. मी गंगाखेडला नोकरी केली, एप्रिल-मे मध्ये गोदावरीत नुसती वाळू आणि कुठंकुठं डबकी, तरी लोक “पात्रातून चालत जा” असंच म्हणतात. पाणी नसलं म्हणून पात्र अपात्र होत नाही.

जालन्याची_सिस्टर

मास्तर, हे तुम्ही ख्रिस्ती नसून आमचं प्रवचन करून टाकलंत. पौल करिंथकरांना लिहितो की आमची ही संपत्ती मातीच्या भांड्यांत आहे. भांडं मातीचं आहे हे तो लपवत नाही, पण भांडं नाहीच असं म्हणत नाही.

भांड्यावरून आजीचं एक सांगते. आमच्याकडं एक पितळी पातेलं होतं, आजीला लग्नात आलेलं. त्याची कल्हई गेली होती, आमटी केली की कळकायची, तोंडात कडवट चव यायची. मी सातवी-आठवीत असेन, म्हटलं टाकून दे ना ते, स्टीलचं घेऊ. आजी म्हणाली, “भांडं कळकतंय म्हनून कुनी मोडीत घालतंय का माय? त्याच्यात काय कमी हाय, निस्ती कल्हई गेलीया.” मग गल्लीत कल्हईवाला आला तेव्हा ती मला घेऊनच गेली. त्यानं भाता मारून पातेलं तापवलं, नवसागर टाकला की पांढरा धूर, मग कथलाची कांडी आतून नुसती टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं एकदम गोल फिरवली, आणि जिथं जिथं बोळा गेला तिथं चांदीसारखं चकाकत गेलं. पाण्यात बुडवलं तर चर्र झालं. आजी घरी येईपर्यंत त्याच्यात तोंड बघत होती.

मला आता वाटतं कृपा म्हणजे आजीसाठी ते होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावानं वाळीतच टाकल्यासारखं केलं, पण ती “मी कुनी न्हाई” असं कधी म्हणाली नाही. “मी देवाची हाय” म्हणायची, आणि एवढं म्हणून कामाला लागायची.

वचन_शोधणारी

मी संभाजीनगरहून, ईश्वरविज्ञानाचा कोर्स करतेय. मोल राहिलं म्हणून लिहिते.

“तुम्ही मोलाने विकत घेतलेले आहात” हे पहिल्या करिंथकरांत सहाव्या अध्यायात आहे. आपल्या आज्ज्या मोलानं जायच्या, म्हणजे दिवसाच्या रोजावर, मोलमजुरी, मोलकरीण हे सगळे त्याच घरातले शब्द. त्यांच्या कानाला हे वचन कसं लागत असेल याचा विचार करा. दिवसभराचं मोल मालक ठरवायचा, बाईचं गड्यापेक्षा कमी. आणि रविवारी ऐकायचं की तुझं मोल ख्रिस्तानं जीव देऊन चुकतं केलंय. ग्रीकमध्ये तिथं ‘तिमे’ शब्द आहे, त्याचे दोन अर्थ, किंमत आणि मान. मराठीत आपण मोल वेगळं आणि मान वेगळा ठेवलाय, तिथं तो एकच शब्द आहे.

आणि चिमण्या. मत्तयात दोन चिमण्या दमडीला, लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशोब केला तर चार व्हायला पाहिजेत, पाचवी फुकट, भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते तशी. येशू म्हणतो त्यातली एक पण देवाला विसरली जात नाही, म्हणजे ती वर टाकलेली पण नाही. आमच्या घरी मी चौथी मुलगी, त्यामुळं मला हे वचन फार जवळचं आहे.

मंडळीतला_वडील

सर्व भगिनींना जय ख्रिस्त. चर्चा चांगली आहे पण एक सावधानता सांगावीशी वाटते. आजकाल तरुण मंडळी सारखं आत्मविश्वास, आत्मसन्मान म्हणतात. आपला विश्वास स्वतःवर नको, प्रभूवर पाहिजे. नाहीतर ताठा येतो.

वचन_शोधणारी

काका, तुमची काळजी कळते. पण त्यातला ‘आत्म’ म्हणजे फक्त ‘स्वतःचा’, आत्मचरित्रात असतो तसा, देवाला बाजूला सारायचं त्यात काही नाही. ज्यानं मला घडवलं त्यानं काम नीट केलंय असं मानणं हा त्याच्यावरचाच विश्वास झाला ना. स्तोत्र १३९ मध्ये तर माणूस स्वतःच्या घडणीकडं बघूनच उपकार मानतो.

आणि ताठ वेगळं, ताठा वेगळा. एका कान्यानं सगळं बदलतं. लूकच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षं कमरेत वाकलेली बाई आहे, तिला वर बघताच यायचं नाही. येशूनं हात ठेवला आणि ती ताठ उभी राहून देवाचं गौरव करायला लागली. सभास्थानाचा अधिकारी चिडला, आणि येशूनं त्याच्या तोंडावर तिला अब्राहामाची कन्या म्हटलं. मला तुम्हाला दुखवायचं नाही काका, पण आपल्याकडं बाई ताठ झाली की पटकन ताठा म्हणतात.

मंडळीतला_वडील

बरोबर आहे बेटा. मी ते लिहिलं तेव्हा माझ्या मनात वेगळ्याच गोष्टी होत्या. लिहीत राहा.

लातूरची_सून

बायबलमधल्या नीतिसूत्रे ३१ चं कुणी काढलंच नाही अजून! “सद्गुणी स्त्री कोणाला प्राप्त होते”. आमच्या महिला संघात दरवर्षी हेच, आणि ऐकून मी थकून जाते खरं सांगते. पहाटे उठते, दिवा विझत नाही, सूत कातते, शेत घेते. वाटतं ही परीक्षाच आहे आणि आपण नापास.

वचन_शोधणारी

ताई, मूळ हिब्रूत तिथं ‘एशेत हायिल’ आहे. हायिल म्हणजे बळ, पराक्रम, कितीतरी ठिकाणी तर सैन्य. गिदोनाला देवदूत वीरा म्हणून हाक मारतो तिथं हाच शब्द. पुरुषाला लावला की वीर, धनवान, आणि बाईला लावला की सद्गुणी, असं भाषांतरात झालंय. सद्गुणी चूक नाही, पण अर्धाच अर्थ आला. ते बावीस वचनांचं गाणं आहे, हिब्रूतल्या बावीस अक्षरांनी एकेक वचन सुरू होतं, ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी म्हणतात, बाईचं कौतुक म्हणून. कामांची यादी म्हणून नाही.

आणि सबंध बायबलमध्ये एका नावानिशी बाईला हे विशेषण लागलंय, ती रूथ. परदेशी, विधवा, लोकांच्या शेतात सरवा वेचणारी. ज्याच्या शेतात ती वेचायची तो बवाज तिला म्हणतो, तू तशी आहेस हे सगळ्या गावाला माहीत आहे. तेव्हा तिच्याकडं ना घर ना नवरा ना लेकरू. म्हणजे ३१ मधली एकही गोष्ट नव्हती, तरी शब्द मिळाला.

मराठीत शब्द बदलायला आपण कोण असं वाटत असेल तर पंडिता रमाबाईंची आठवण ठेवा. सबंध शास्त्र त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणलं, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायकांनीच खिळे जुळवून छापलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, सबंध ग्रंथ १९२४ मध्ये निघाला.

परभणीकर_मास्तर

मग हायिलला आपल्याकडचा शब्द ‘कर्ती’. कर्ती बाई. खमकी पण जवळ जातो, पण खमकीत थोडं भांडण आहे.

जालन्याची_सिस्टर

कर्ती! आजीला सगळे कर्तीच म्हणायचे. आणि ती पण सरवा वेचायची, गव्हाच्या लोंब्या, भुईमुगाच्या शेंगा, ओटीत भरून आणायची. रूथची गोष्ट तिला पाठ होती, आता कळलं का ते.

येत्या रविवारी महिला संघात वाचायची पाळी माझी आहे. जे छापलंय तेच वाचणार, ‘सद्गुणी स्त्री’, पण त्याच्या आधी दोन मिनिटं मागून रूथचं सांगणार, आणि प्रार्थनेत “आम्ही लायक नसताना” म्हणणारच आहे, फक्त ‘तुझ्या कृपेला’ हे दोन शब्द पुढं जोडून. दुसरं वाक्य पण पाठ करायलेय, “हो सर, या पोस्टला मी लायक आहे.” काल भांडी घासता घासता मोठ्यानं म्हटलं तर लेकीनं विचारलं कुणाशी बोलायलीस.

लातूरच्या ताई, तुमच्याकडं सरव्याला सरवाच म्हणतात का दुसरा शब्द आहे?

लातूरची_सून

सरवाच. शेंगांचा सरवा. माझी सासू अजून जाते, मी विचारते तिला आणखी काही म्हणत होते का आधी.